मुलाखतीतले तेच ते प्रश्न आणि नाशिकचा सध्याचा बाजार

अंबड_लिंकरोड (धागाकर्ता)

राम राम मंडळी. मेकॅनिकल डिप्लोमा, क्वालिटीत चार वर्षं. अंबडला ऑटो पार्ट्सच्या एका कंपनीत होतो, कंत्राटदाराच्या पे-रोलवर. आमची लाइन बंद झाली, कंत्राट पुढे वाढलं नाही, तेव्हापासून घरी आहे. सातपूर, अंबड, सिन्नर, सगळीकडे बायोडेटा टाकून झाला. बोलावणी येतात. टेक्निकल राउंड बऱ्यापैकी जातो आणि एचआरसमोर बसलं की गाडी अडते.

प्रश्न ठरलेले आहेत. स्वतःबद्दल सांगा, आधीची कंपनी का सोडली, मधल्या काळात काय केलं, अपेक्षा किती, पाच वर्षांनी कुठे असाल, तुमचा कमकुवतपणा कोणता. यूट्यूबवरची उत्तरं पाठ करून गेलो, तर समोरचा दुसऱ्याच वाक्याला मान खाली घालून कागद चाळायला लागतो. बाहेर लॉबीत आणखी वीसेक जण बसलेले असतात, त्यामुळे त्यालाही घाई.

टेबलाच्या पलीकडे बसणारं कुणी इथं असेल तर सांगा, तुम्हाला नक्की ऐकायचं काय असतं? आणि इंग्रजीत बोलायचं की मराठीत?

मिसळ_एक्स्ट्रा_तर्री

बसतो इथे. मुलगा शेवटच्या वर्षाला आहे, त्याला हा धागा दाखवायचाय. वाखूसा (वाचनखूण साठवली).

जुना_सातपूरकर

मी पॅनलवर बसतो, बरीच वर्षं. क्वालिटी आणि प्रॉडक्शनची भरती असेल की एचआरच्या शेजारी माझी खुर्ची असते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक समजून घे. बाजार तेजीत असतो तेव्हा आम्हाला माणूस हातचा जाईल याची धास्ती असते. मंदीत उलट असतं. वर्षाला एकच जागा मंजूर होते, ती सुटायला प्लांट हेडच्या दहा विनवण्या कराव्या लागतात, आणि त्या जागेवर घेतलेलं पोरगं सहा महिन्यांत चाकणला पळालं तर ती जागा परत मिळत नाही. म्हणजे आम्ही सगळ्यात हुशार उमेदवार शोधतच नसतो. घेतल्याचा पश्चात्ताप होणार नाही असा माणूस शोधत असतो. तू लिहिलेत ते सहाही प्रश्न याच एका भीतीपोटी विचारले जातात.

आता "स्वतःबद्दल सांगा". नव्वद टक्के मुलं गाव, शाळा, दहावीचे मार्क, वडील काय करतात इथून सुरू करतात आणि "माय हॉबीज आर क्रिकेट" वर संपवतात. बायोडेटा आमच्या हातातच असतो रे. मला हवी असते तू स्वतः हात घातलेली एक अडचण. मागे एका मुलानं काय सांगितलं ते जसं आठवतंय तसं लिहितो:

"सर, मी सीएनसी टर्निंगला इन-प्रोसेस क्वालिटी बघायचो. एक शाफ्ट होता, बेअरिंगच्या जागेला पंधरा मिलिमीटर, टॉलरन्स अठरा मायक्रॉन. रिजेक्शन दिवसभर नसायचं, फक्त जेवणाच्या सुट्टीनंतर यायचं. पहिले आठ-दहा नग मापाबाहेर, मग आपोआप सुरळीत. ऑपरेटर ऑफसेट मारायचा (म्हणजे टूलची जागा थोडी सरकवायचा) आणि अर्ध्या तासानं परत उलटा मारायचा. मशीन अर्धा तास बंद राहून गार होत होतं, म्हणून माप सरकायचं. सुट्टीनंतर वॉर्म-अप सायकल चालवायची आणि पहिले पाच नग डायल स्नॅपवर (व्यास तपासायच्या गेजवर) तपासायचे असं कंट्रोल प्लॅनमध्ये टाकून घेतलं."

संपलं. दीड मिनिटसुद्धा लागलं नाही. पण एवढ्यात मला कळलं की हा शॉपवर उभा राहतो, वेळ आणि रिजेक्शन यांची सांगड घालतो, ऑपरेटरवर ढकलून मोकळा होत नाही आणि केलेलं कागदावर आणतो. पुढचा अर्धा तास आम्ही त्याच शाफ्टवर बोलत होतो. कूलंटचं कॉन्सन्ट्रेशन कशानं बघायचास विचारलं, तर म्हणाला रिफ्रॅक्टोमीटरनं, रोज सकाळी, आणि रीडिंग लिहायचा तक्ता मशीनच्या दारालाच चिकटवलेला. असलं उत्तर यूट्यूबवर मिळत नाही.

तुझ्या चार वर्षांत असे दोन-तीन किस्से नक्की असणार. ते आधी कागदावर लिही, आकड्यांसकट. एक रिजेक्शनचा, एक कस्टमर कम्प्लेंटचा, एक माणसांशी खटका उडाला त्याचा. वेगळी उत्तरं पाठ करायची गरजच नाही, बहुतेक प्रश्नांना याच तिघांतला एक किस्सा पुरतो.

"का सोडली" याला एकच वाक्य: लाइन बंद झाली, कंत्राट वाढलं नाही. आणि गप्प बस. मुलं इथंच घसरतात, मग मॅनेजमेंट कसं होतं, कायम करतो म्हणाले आणि केलं नाही, सगळं बाहेर येतं. खरं असेलही. पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात एवढंच येतं की उद्या हा आमच्याबद्दलही असंच बोलेल. त्यापेक्षा "तिथल्या सुपरवायझरचा नंबर देऊ का?" असं विचार. आम्ही सहसा फोन करत नाही, पण उमेदवार आपणहून नंबर देतो याला वजन असतं. अर्थात सुपरवायझरला आधी विचारून ठेव.

टेक्निकलचं एवढंच सांगतो. बायोडेटात आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचं क्वालिटी मानक), पीपॅप (पार्टला कस्टमरची मंजुरी घ्यायची पद्धत), एमएसए (मापनपद्धतीची तपासणी), एफएमईए (काय बिघडू शकतं याचा आधीच केलेला अभ्यास) असं सगळं लिहिलं असेल तर प्रत्येकावर दोन प्रश्न झेलायची तयारी हवी. एफएमईए लिहिणारी निम्मी मुलं अजून आरपीएनवरच (जोखमीचा गुणाकारानं काढलेला आकडा) थांबलेली असतात. एफएमईएच्या २०१९ च्या हँडबुकात आरपीएनच्या जागी ॲक्शन प्रायॉरिटी (आधी कशावर उपाय करायचा याची पातळी) आली, हे त्यांच्या गावी नसतं. येत नसेल तर शब्द खोडून टाक.

इंग्रजीचं नंतर लिहितो, शिफ्ट सुरू होतेय.

गोदाकाठ_७

जुना_सातपूरकर काका, कडक प्रतिसाद. त्या शाफ्टवाल्या मुलाला घेतलं का शेवटी?

जुना_सातपूरकर

घेतलं.

एचआरवाली_नाशिकरोड

काकांशी बहुतांशी सहमत. मी टेबलाच्या त्याच बाजूची, फक्त एचआर. "अपेक्षा किती" यावर लिहिते, कारण सगळ्यात जास्त माणसं तिथं गळतात.

"कंपनीच्या नियमाप्रमाणे" हे उत्तर नम्र वाटतं, पण त्याचा अर्थ आमच्या लेखी "कमीत कमी द्या" एवढाच होतो. आणि नेटवर बघून "मला पन्नास टक्के वाढ हवी" म्हणणाराही या बाजारात पहिल्या चाळणीतच जातो. हल्ली दहा-पंधरा टक्के वाढ मिळाली तरी लोक खूश असतात. नोकरी हातात नसेल तर आधीचा पगार टिकला तरी बरं, हे कटू आहे पण आहे.

सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) आणि हातात येणारा पगार यातला फरक आधी समजून घ्या. समजा सहा लाखांची ऑफर आहे. बारानं भागून पन्नास हजार असं मनात धरून लोक घरी पेढे वाटतात. आता बघा. बेसिक निम्मं धरलं तर महिना २५,०००. कंपनीचा पीएफ त्याच्या १२ टक्के, म्हणजे वर्षाला ३६,०००, तो सीटीसीतच धरलेला असतो. ग्रॅच्युइटीपोटी बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे १४,४३०. दहा टक्के व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा भाग) असेल तर ६०,००० बाजूला, ते मिळालं तर वर्षाअखेरीला. उरले ४,८९,५७०. महिन्याला साधारण ४०,८००. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ३,००० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात साडेसदतीस हजारांच्या आसपास. काही कंपन्या पीएफ १५,००० च्या मर्यादेवर म्हणजे १,८०० च कापतात, तिथे हातात थोडं जास्त येतं.

म्हणून आकडा विचारला की हातात येणारी रक्कम बोला. "आत्तापर्यंत महिना सव्वीस हजार हातात होते. या कामात शिफ्ट आणि सप्लायर व्हिजिट आहेत, तर तीस ते बत्तीस हजार हातात यावेत अशी अपेक्षा आहे, व्हेरिएबल किती ते कळलं तर पुढे बोलू." एवढं स्पष्ट बोलणारा माणूस आम्हाला आवडतो, कारण ऑफर दिल्यावर तो ऐनवेळी नाही म्हणणार नाही.

आणि कृपया जुना पगार फुगवून सांगू नका. तीन महिन्यांच्या स्लिपा आणि बँक स्टेटमेंट मागतोच आम्ही.

हिंजवडी_टू_नाशिक

आयटीवाल्यांचं पण ऐका कुणीतरी. आमच्याकडे २०२५ च्या जुलैत टीसीएसनं दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर लोक कमी करणार असं जाहीर केलं आणि त्यानंतर मॅनेजर लोकांची भाषाच बदलली. फ्रेशरचं पॅकेज तर किती वर्षं साडेतीन लाखांच्या आसपासच घोटाळतंय.

मुलाखती व्हिडिओवर असतात आणि आता समोरच्याचा पहिला संशय असा की हा बाजूच्या स्क्रीनवर एआयला विचारून उत्तर वाचतोय. माझ्या एका मित्राला मध्येच सांगितलं, डोळे मिटा आणि याच कोडचं लॉजिक तोंडी सांगा. हसू नका, खरं आहे. काही ठिकाणी शेवटचा राउंड पुन्हा समक्ष ठेवायला लागलेत. त्यामुळे उत्तर देताना थोडं अडखळलं, "थांबा, विचार करून सांगतो" म्हटलं, तर आता ते उलट पथ्यावर पडतं.

माझी अडचण वेगळी आहे. आईवडील इंदिरानगरला, मला कायमचं नाशिकला यायचंय. इथल्या कंपन्या हटकून विचारतात, "पुणं सोडून नाशिकला का?" आणि चेहऱ्यावर असं, की तिकडून हाकललं का तुला. काय सांगायचं?

जुना_सातपूरकर

हिंजवडी भाऊ, तुमच्यासाठी तो प्रश्न म्हणजे फुलटॉस आहे. मघाशी लिहिलं तेच, आमची भीती पळून जाण्याची. "घर इंदिरानगरला आहे, आईवडील इथं आहेत, भाड्याचं घर सोडून येतोय, पगार थोडा कमी झाला तरी गणित जमतं" इतकं सरळ सांगा. त्या गणितातले आकडेही सांगा, पुण्याचं भाडं किती वाचतं ते. भावनेपेक्षा हिशेबावर आमचा विश्वास जास्त बसतो.

"पाच वर्षांनी कुठे" याचंही तेच. धागाकर्त्या, "तुमच्या खुर्चीत" हे उत्तर फार झालं आता, ऐकून कान किटले. "आज लाइन क्वालिटीत आहे, पुढे सप्लायर क्वालिटीत जायचंय, तुमच्याकडे कास्टिंग बाहेरून येतं असं ऐकलं, म्हणून इथं रस आहे" असं सांगितलंस की त्यात कंपनीची माहितीही आली.

इंग्रजी. सुरुवातीचं दीड मिनिट इंग्रजीत तयार ठेव, कारण प्लांट हेड बाहेरचा असू शकतो. पुढे काम समजावताना गाडी अडली तर "मे आय एक्सप्लेन इन हिंदी ऑर मराठी?" असं विचार. आजवर एकदाही नाही म्हटलेलं बघितलं नाही. तुटक्या इंग्रजीत चुकीचं टेक्निकल उत्तर देण्यापेक्षा मराठीत बरोबर दिलेलं कधीही बरं. फक्त ईमेल आणि एट-डी रिपोर्ट (तक्रारीचं मूळ कारण आणि उपाय आठ पायऱ्यांत मांडणारा) इंग्रजीत लिहिता आला पाहिजे. तो लिहायला लावतात कधीकधी, तिथंच बसवून.

चांदवडचा_चंदू

कमकुवतपणाचं कुणीच बोललं नाही. मी "आय ॲम अ परफेक्शनिस्ट" सांगतो. चालतं का?

एचआरवाली_नाशिकरोड

चंदू, नाही. ते ऐकलं की आम्ही टेबलाखालून एकमेकांना पाय मारतो.

खरी गोष्ट सांगा, पण कामाचा गाभा नसलेली, आणि त्यावर काय तोडगा काढलाय तेही. "मीटिंगमध्ये पटकन बोलता येत नाही, म्हणून आधी मुद्दे लिहून नेतो." बास.

कामटवाडे_किंग

ताई, मी असहमत. खरं सांगायचा सल्ला द्यायला सोपा आहे. लॉबीत वीस जण बसलेले असताना मी माझी खोट सांगायची आणि पुढच्यानं "परफेक्शनिस्ट" म्हणून नोकरी घेऊन जायची? बाजार असा असताना प्रामाणिकपणाची किंमत उमेदवारानंच का मोजायची? कंपनी सांगते का तिची खोट? दोन महिने पगार उशिरा होतोय हे कुठला एचआर आधी सांगतो?

जुना_सातपूरकर

किंग, शेवटच्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही. मुद्दा रास्त आहे. मी पॅनलवर असेन तिथं हा प्रश्न विचारू देत नाही, त्यातून काही कळत नाही असं माझं मत आहे. पण विचारणारे विचारणारच.

एचआरवाली_नाशिकरोड

माझ्या मते कळतं. उत्तरातून नाही, उत्तर देताना माणूस किती कावराबावरा होतो त्यातून. पण किंगचा राग समजू शकते.

गंगापूररोडची_सई

सगळी चर्चा पुरुषांच्या प्रश्नांवर चाललीये. आम्हाला वेगळीच प्रश्नपत्रिका असते. मी अकाउंट्समध्ये सात वर्षं काम केलं, मुलीसाठी तीन वर्षं घरी होते, आता परत सुरू करतेय. एका ठिकाणी टॅलीचा एक प्रश्न नाही, जीएसटीचा नाही. मुलीला कोण सांभाळणार, सासूबाई सोबत राहतात का, दुसऱ्याचा विचार आहे का, मिस्टरांची बदली होते का. तोंडावर काय बोलणार? उठून आलं तर नोकरी गेली, उत्तर दिलं तर मन खातं.

एचआरवाली_नाशिकरोड

सई, हे प्रश्न विचारणंच चूक आहे. बाई आहे म्हणून भरतीत डावलायला १९७६ च्या समान वेतन कायद्यापासून मनाई आहे. पण मुलाखतीच्या खोलीत कायदा काढून दाखवला तर काय होतं ते तुम्हालाही ठाऊक आहे.

मी उमेदवार असते तर एका वाक्यात दार लावून घेतलं असतं: "घरची व्यवस्था लागलेली आहे, वेळ साडेनऊ ते सहाच आहे ना? महिनाअखेरीला थांबावं लागतं का?" म्हणजे चेंडू कामाकडे. सासूबाई, मिस्टर, कुणाचाही तपशील द्यायचा नाही. एक तपशील दिला की त्यावर तीन प्रश्न येतात. आणि तरीही समोरचा दुसऱ्या मुलावरच अडून बसला, तर तिथं रजा मागताना काय होईल याची झलक मिळाली असं समजा.

तीन वर्षांच्या खंडाबद्दल ओशाळून बोलू नका. "तीन वर्षं मुलीसाठी थांबले होते. या काळात जीएसटीत जे बदल झाले ते वाचून काढलेत, एका ओळखीच्यांच्या दुकानाची रिटर्न्स भरते" असं काहीतरी, खरं असेल तेच. नसेल तर आजपासून एखाद्या ओळखीच्या सीएंकडे दोन तास बसायला लागा.

गंगापूररोडची_सई

महिनाअखेरीचं वाक्य उचलते. आभार.

पासधारक_पंचवटी

मुंबईतल्या जागेसाठी नाशिकहून अर्ज करणाऱ्यांना फुकटचा सल्ला. "रोज अपडाउन करणार का?" विचारलं तर "पंचवटी एक्स्प्रेसनं येईन" असं छाती फुगवून सांगू नका. सकाळी सातच्या सुमाराची गाडी नाशिकरोडहून, तिकडं पोचेपर्यंत पावणेअकरा, संध्याकाळी सव्वासहाच्या गाडीसाठी ऑफिसातून पाय काढायचा. समोरच्याला मुंबईकर म्हणून हे गणित तुमच्याआधी येतं. आठवड्यातले किती दिवस ऑफिस ते आधी विचारा, मग बोला.

गोदाकाठ_७

अवांतर: चुलतभावाला परवा व्हॉट्सॲपवर ऑफर लेटर आलं. मोठ्या कंपनीचं लेटरहेड, सही-शिक्का, मुलाखत फक्त फोनवर दहा मिनिटं. लॅपटॉपचं "परत मिळणारं" डिपॉझिट म्हणून साडेआठ हजार मागतायत. घरचे भरायला निघालेत.

जुना_सातपूरकर

थांबव आधी त्यांना! कुठलीही धड कंपनी नोकरी देताना पैसे मागत नाही. डिपॉझिट नाही, ट्रेनिंग फी नाही, मेडिकलचे नाही, युनिफॉर्मचे नाही. ईमेल कुठल्या पत्त्यावरून आलाय बघा, जीमेलवरून असेल तर तिथंच कळलं. पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा.

गोदाकाठ_७

गेले नाहीत अजून. फोन करतो घरी.

अंबड_लिंकरोड (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार, विशेषतः काका आणि ताई. तीन किस्से लिहायला घेतलेत, दुसरा लिहितानाच लक्षात आलं की आकडे आठवत नाहीत. जुन्या सहकाऱ्याला फोन करून विचारले.

सोमवारी सिन्नरला माळेगाव एमआयडीसीत बोलावणं आहे. दोन शंका. माझ्या पीएफवर कंत्राटदाराचं नाव दिसतं, बायोडेटात मी कंपनीचं लिहिलंय. अडचण होईल? आणि शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का" म्हणतात तेव्हा मी नेहमी "नो सर" म्हणतो. काय विचारू?

एचआरवाली_नाशिकरोड

होईल, म्हणून आजच दुरुस्त कर. "अमुक कंत्राटदाराच्या पे-रोलवर, तमुक कंपनीच्या अंबड प्लांटला" असं सरळ लिही. यूएएनवरून (पीएफचा तुझा कायमचा नंबर) तुझी सगळी नोकरी तारखांसकट दिसते. नाशिकात अर्धी पोरं कंत्राटदाराच्या पे-रोलवरच आहेत, त्यात कमीपणा काही नाही. पण नाव जुळलं नाही की पडताळणी करणारी एजन्सी लाल शेरा मारते आणि मग आम्हालाही काही करता येत नाही. कंत्राटदाराकडून अनुभवाचं पत्र आणि शेवटच्या तीन स्लिपा घेऊन ठेव. तो टाळाटाळ करेल, तरी त्याच्या ऑफिसात जाऊन बस.

जुना_सातपूरकर

विचारायचं एवढंच: ही जागा नवी आहे की कुणी सोडून गेलंय? सोडून गेलं असेल तर किती दिवसांत? मग कस्टमर ऑडिट शेवटचं कधी झालं आणि क्वालिटीत मोठी एनसी (ऑडिटमध्ये सापडलेली त्रुटी) कुठली निघाली. दुसऱ्या प्रश्नाला प्लांटचा माणूस खुलतो, बघ.

पगार, रजा, बस हे एचआरला विचार, प्लांट हेडला नको. सिन्नरला कंपनीची बस सिडकोतून आहे का ते मात्र नक्की विचार, नाहीतर रात्रपाळीला हायवेवर दुचाकीनं हाल होतील.

आणि बॉण्ड (मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायची अट) आहे म्हणाले तर मुदत आणि रक्कम कागदावर बघितल्याशिवाय हो म्हणू नको. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतो म्हणाले तर झेरॉक्स दे, मूळ कागद हातातून सोडायचे नाहीत.